शोकेसमधला फोटो

माझा कुठे सत्कार झाला की शेवटी कुणीतरी उठून विचारतंच, "गाण्याबजावण्याच्या या पुरुषी जगात एक बाई फोटोग्राफर म्हणून तुम्ही इतकी वर्षं कशा टिकलात?" मग मी आईवडिलांच्या आशीर्वादाचं बोलते, सुरांवरच्या श्रद्धेचं बोलते, लोक टाळ्या वाजवतात आणि नारळ-शाल घेऊन मी घरी येते. त्यातलं एकही खरं नसतं. वडिलांनी आशीर्वाद दिला तो मी चाळिशीला आल्यावर, आणि सुरांतलं मला आजही फारसं कळत नाही. मी टिकले ती रागावर. पनवेलच्या एका माणसाला जन्माची अद्दल घडवायची, एवढ्या एका इच्छेने मी सुटलेलं हे काम पुन्हा हातात घेतलं, आणि ती घडवून झाल्यावर दुसरं काही येत नव्हतं म्हणून त्यातच राहिले. आता तो माणूस जाऊन बरीच वर्षं झाली, माझे गुडघेही गेले. तेव्हा एकदा खरं लिहून ठेवायला हरकत नाही.

आमचं घर लाइन आळीत होतं, दोन खोल्या आणि मागे पडवी. दादा, म्हणजे माझे वडील, तालुका कचेरीत कारकून. आम्ही तिघंच, पण घरात आवाज दहा माणसांचे. सकाळी आईची विळी सुरू व्हायची, नारळ खवल्याचा तो खर्र खर्र आवाज. भिंतीपलीकडे एका मास्तरांचा तबल्याचा क्लास होता, तिथे आळीतली सगळी मुलं एकच ठेका वर्षानुवर्षं चुकवत बसायची. दुपारी मोहल्ल्यातून बांग ऐकू आली की आई म्हणायची, "चला, वाल सोलायला घ्या." मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून आम्ही दोघी पडवीत बसायचो, आणि चिमटीत धरला की साल सोडून वाल टुणकन उडायचा. रविवारी सोड्याची, म्हणजे सुक्या कोळंबीची खिचडी. सोडे परतल्याचा वास सुटला की दादा रेडिओवरची नाट्यगीतं मोठी करायचे आणि आम्ही कुणी बोललो तर नुसता हात वर करायचे. त्यांच्या त्या हाताचा घरात फार दरारा होता. त्या हाताने मला कधी मारलं नाही, पण तो वर झाला की तोंडातलं वाक्य तोंडातच राहायचं.

तबल्याच्या क्लासाची खिडकी आमच्या पडवीतून दिसायची. वाल सोलता सोलता मी त्या मुलांची तोंडं बघत राहायची. ठेका कधी चुकणार हे मला आधी कळायचं, कारण हात चुकण्याआधी तोंड चुकतं. भुवई जराशी उचलली जाते, ओठ आत ओढला जातो, आणि मग चूक होते. मी आईला म्हणायची, "आता हा चुकणार बघ," आणि तो चुकायचा. आई हसायची. संगीताशी माझा संबंध इतकाच, आणि आजवर तेवढाच पुरला.

बारावीनंतर दादांनी मला टायपिंगला घातलं. त्यात माझं मन लागेना. टपाल नाक्याजवळ अरविंदशेठचा फोटो स्टुडिओ होता, तिथे एक मुलगी हवी होती. मुलीचे दाखवायचे फोटो काढायला आलेल्या आया परक्या पुरुषाला पदर नीट करू देत नसत, म्हणून. दादा नाखूश होते, पण अरविंदशेठ स्वतः घरी येऊन गोड बोलून गेला. दिसायला देखणा माणूस. पांढरा सफारी, हातात अंगठ्या, आवाज कधी चढायचा नाही. सुरुवातीला मी फक्त पदर नीट करायची. सहा महिन्यांत रिटचिंग करू लागले, वर्षभरात डार्करूम माझ्याकडे आली, आणि दुसऱ्या वर्षी लग्नाच्या सीझनला तो मला कॅमेरा देऊन गावोगाव पाठवू लागला. तो स्वतः गल्ल्यावर बसायचा. फोटोच्या मागे शिक्का मात्र एकच, 'छायाचित्र: अरविंद'. ते मला तेव्हा खुपत नव्हतं. मी त्या लाल दिव्याखाली खूश होते. ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर हळूहळू एखादं तोंड वर यायचं, आणि ते पहिल्यांदा बघणारी जगात मी एकटी असायची.

ते दिवस कॅसेटचे होते. पानाच्या टपरीपासून टेम्पोपर्यंत सगळीकडे टेप वाजायचे. अरविंदशेठने स्टुडिओच्या मागच्या खोलीत गोणपाट आणि अंड्यांचे ट्रे भिंतींना ठोकले आणि गाणी रेकॉर्ड करायला सुरुवात केली. आगरी लग्नातली गाणी खपतील हे त्याने बरोबर ओळखलं होतं. त्यासाठी उरणच्या वाटेवरच्या एका खाडीकाठच्या गावातून त्याने चांगूबायला आणलं. चांगूबाय धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीला धवले गाते ती बाई. तिच्याशिवाय लग्न लागत नाही. वय असेल पन्नासच्या पुढचं. मिठागरात राबून हात काठीसारखे झालेले, मिशरीने दात काळे, पुढचे दोन नाहीतच. खुर्ची दिली तर बसली नाही. जमिनीवर उकिडवी बसली, कानावर हात ठेवला आणि सुरू झाली. जाड, खरबरीत आवाज, पण शेवटाला असा धारदार व्हायचा की मागच्या खोलीत उभी असलेली मी हातातलं काम सोडून तिच्याकडे बघतच राहिले.

त्याच महिन्यात तिच्या गावात एक लग्न निघालं. अरविंदशेठने मला पाठवलं. दुपारची हळद होती. मांडवात पन्नास बायका, मधे चांगूबाय, कोपरापर्यंत पिवळी झालेली, पुढ्यात तांदळाचं सूप. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. तिचं तोंड बघत राहिले, क्लासातल्या मुलांचं बघायची तसं. ओळ वर चढायच्या आधी तिची हनुवटी किंचित खाली जायची. ती खाली गेली आणि मी बटण दाबलं. तोंड उघडं, दोन दातांची खिंड, कपाळावरची शीर ताणलेली, डोळे मिटलेले, आणि गळ्यात चाललेलं काहीतरी जे फोटोत दिसत नाही पण ऐकू येतं. मी आयुष्यात काढलेला तो पहिला खरा फोटो. बारा बाय पंधराचा प्रिंट केला आणि कॅसेटच्या कव्हरसाठी म्हणून शेठपुढे ठेवला.

तो आधी हसला. मग दुकानात आलेल्या दोन गिऱ्हाइकांना दाखवून हसला. म्हणाला, "कॅसेट लहान पोरांच्या हातात जाते नंदा. भिऊन रडायची." मी म्हटलं, "पण गाणारी तीच आहे." त्याने माझा प्रिंट उलटा करून त्यावर चहाचा ग्लास ठेवला. आवाज न चढवता म्हणाला, "तू बटण दाबायचं. बघायचं काम माझं." ती गिऱ्हाइकंही हसली. त्यातली एक बाई आमच्या आळीतली होती.

दुसऱ्या दिवशी शर्मिला आली. माझ्याच वयाची, टायपिंग क्लासात पुढच्या बाकावर बसायची. गोरी, गालाला खळी. तिला नऊवारी नेसवून, गजरा घालून, हातात सूप देऊन पडद्यापुढे उभी केली आणि तिचा फोटो मलाच काढायला लावला. कॅसेट निघाली 'मांडवातली गाणी'. वर शर्मिलाचा फोटो, गायिका म्हणून शर्मिलाचं नाव, छायाचित्र अरविंद, संगीत अरविंद. चांगूबायचं नाव कुठेच नव्हतं, आतल्या बारीक अक्षरांतही नव्हतं. पनवेलपासून पार उरणच्या मोऱ्याच्या धक्क्यापर्यंत ती कॅसेट वाजली. मी शेठला विचारलं, निदान पुढच्या कॅसेटवर चांगूबायचं आणि फोटोखाली माझं नाव घालाल का. तो म्हणाला, "बघू की." आणि त्या संध्याकाळी आमच्या घरी आला.

आईने चहा केला, सोबत नेवऱ्या ठेवल्या. त्याने दोन नेवऱ्या खाल्ल्या, चवीची स्तुती केली आणि मग दादांना म्हणाला, "मुलगी गुणी आहे, म्हणूनच आलो. नाहीतर मला काय. मांडवामांडवांतून एकटी हिंडते. कामाला म्हणून मी पाठवतो, पण ती काम संपलं तरी तिथेच बसते. ढोलकीवाले, बेंजोवाले, सगळ्यांत मिसळते. लोक बोलायला लागलेत दादासाहेब. उद्या तिचं स्थळ बघायचंय. मी आपला मोठ्या भावासारखा सांगतो." मी आतल्या दाराशी उभी होते. "हे खोटं आहे दादा," असं म्हणायला तोंड उघडलं. दादांचा हात वर झाला.

तीन महिने मी घरात होते. वाल सोलले, सोडे निवडले, स्थळं आली, चहाचे ट्रे नेले. एका मुलाच्या आईने विचारलंच, "स्टुडिओत होती ती हीच का?" त्या तीन महिन्यांत मी अरविंदशेठला किती तऱ्हांनी मारलं याची गणती नाही. खाडीत बुडवला, डार्करूमच्या रसायनात बुडवला.  तो घरी येऊन गेला त्या संध्याकाळी आईने त्याचा कप विसळला नाही, मागच्या अंगणात नेऊन दगडावर आपटला आणि तुकडे राखेत पुरले. वर्षानुवर्षं जपलेल्या सेटातला कप होता तो. मग एक दिवस वाल सोलताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "रोज थोडं थोडं बोलून काही होत नाही. गप्प बस. आणि बोलशील तेव्हा एकदाच बोल, असं की त्याला उत्तर देता येऊ नये." आज लोक मला चिकाटी कुठून आली विचारतात. ती पडवीतून आली.

झालं असं, की माझ्यावाचून त्याचं अडलं. दोन नवऱ्यामुलींचे फोटो काळे आले, आया रागावून दुसऱ्या स्टुडिओत जाऊ लागल्या. त्याने निरोप पाठवला, झालं गेलं विसरा, मुलीला मी सांभाळून घेईन.  आईच म्हणाली, "जाऊ दे तिला. घरात बसून तरी काय करतेय." मी गेले. खाली मान घालून काम केलं. शेठ म्हणेल तिथे उभी राहिले, म्हणेल ते छापलं. तो खूश झाला. म्हणाला, "आता कशी शहाणी झालीस." त्याने सकाळी दुकान उघडायच्या चाव्या माझ्याकडे दिल्या.

थंडीत त्याने शाळेच्या मैदानावर रविवारी दुपारी जाहीर कार्यक्रम ठेवला. स्टेजवर शर्मिला गाणार म्हणून गावोगावचे टेम्पो भरून लोक आले. शर्मिलाला दोन ओळी सुरात म्हणता येत नव्हत्या. टेप लावून पाहिला, पण ढोलकीवाल्याला टेपबरोबर मेळ धरता येईना. मग शेठने युक्ती काढली. समुद्र, होडी, माड रंगवलेला मोठा पडदा स्टेजच्या मागे टांगला आणि पडद्यामागे सोड्याच्या बाटल्यांच्या उलट्या क्रेटवर माइक घेऊन चांगूबायला बसवली. शर्मिलाच्या हातातला माइक बंद. मला ताकीद दिली, "फोटो फक्त समोरून. बाजूला फिरकायचं नाही."

पहिली तीन गाणी मी समोरून काढली. शेठ पहिल्या रांगेत नगरपालिकेतल्या लोकांशेजारी बसला होता, मान डोलावत होता. चौथ्या गाण्याला पब्लिक उठून नाचायला लागलं, त्यांच्या पाठी त्याच्यासमोर आल्या, आणि मी स्टेजच्या कडेने कनातीत शिरले. तिथून पडद्याची कड बरोबर मधे दिसत होती. डावीकडे उन्हात शर्मिला, हात पसरलेले, तोंड उघडं, गळा मात्र अगदी मऊ, त्यात काहीच चाललेलं नाही. उजवीकडे सावलीत क्रेटवर चांगूबाय, डोळे मिटलेले, कानावर हात. दोघींची तोंडं एकाच वेळी उघडत होती. फ्लॅश मारला असता तर सगळ्यांना कळलं असतं. मी बांबूला खांदा टेकवला, श्वास सोडला आणि चांगूबायची हनुवटी खाली जायची वाट बघत राहिले. ती गेली. सावकाश बटण दाबलं. एकच फ्रेम मिळाली. चांगूबायने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि गात राहिली.

सोमवारी शेठ दुसऱ्या कॅसेटचा माल आणायला मुंबईला गेला. मंगळवारी सकाळी दहाला दुकानातच त्या कॅसेटचं प्रकाशन होतं. मुंबईचा वितरक यायचा होता, गावातली प्रतिष्ठित माणसं यायची होती, खाडीकाठची मंडळीही बोलावली होती. सोमवारी दुपारी मी डार्करूमची कडी लावली आणि त्याच्याच कागदावर, त्याच्याच रसायनात, दुकानातला सगळ्यात मोठा प्रिंट काढला. ट्रेमध्ये आधी पडद्याची कड वर आली, मग चांगूबाय, आणि सगळ्यात शेवटी शर्मिला. मी हसत होते. मोठ्याने, एकटीच. असं हसू मला नंतर कधी आलं नाही, माझ्या स्वतःच्या लग्नातही नाही.

मंगळवारी आठला दुकान उघडलं. रस्त्याकडे तोंड करून काचेची मोठी शोकेस होती, तिच्यात नवऱ्यामुलींचे फोटो असायचे. ते सगळे काढले. मधोमध एकच फोटो लावला. खाली पांढऱ्या कार्डावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'गाणारी: चांगूबाय. छायाचित्र: नंदा टिपणीस.' शोकेसला कुलूप घातलं आणि चावी समोरच्या गटारात टाकली. मग पायरीवर उभी राहिले. नऊ वाजेपर्यंत दहा माणसं जमली, साडेनऊपर्यंत रस्ता अडला. टेम्पोतून उतरलेल्या आगरी बायकांतली एक पुढे झाली, काचेला नाक लावलं आणि ओरडली, "अगो, ही तं आपली चांगू!" कुणी कार्डावरची नावं वाचून दाखवली. कुणी हसलं, कुणी शिवी घातली. ढोलकीवाला आला, फोटो बघितला, ढोलकी खांद्याला लावून परत गेला.

अरविंदशेठ स्कूटरवरून उतरला तेव्हा गर्दी प्रकाशनाला जमली असं समजून हात जोडत आला. लोकांनी त्याला वाट दिली. त्याने फोटो पाहिला. मी त्याचं तोंड बघत होते. भुवई उचलली गेली, ओठ आत ओढला गेला.

"चावी," तो म्हणाला.

"हरवली."

"नंदा, चावी कुठाय?"

"तुम्हीच बघा ना शेठ. बघायचं काम तुमचं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. काय बोलला ते लिहीत नाही. त्याने कुलूप ओढलं, लाथ मारली. मागे वितरकाची गाडी येऊन थांबली होती, माणूस खाली उतरून बघत होता. शेठने आत जाऊन ट्रायपॉड आणला आणि सगळ्या गावासमोर स्वतःच्या दुकानाची काच फोडली. फोटो ओढून काढताना मनगट कापलं, पांढऱ्या सफारीवर रक्त आलं. आयुष्यभर मी मोठमोठे गवई ऐकले, पण त्या काचेच्या आवाजाइतका सुरेल आवाज मी ऐकला नाही. हात माझा रिकामा होता, त्या वेळी गळ्यात कॅमेरा नव्हता, ही एकच रुखरुख आहे. वितरक गाडीत बसून गेला. मुंबईहून आणलेली कॅसेटची खोकी मग दुकानात तशीच पडून राहिली.

मी घरी आले तेव्हा बातमी आधीच पोचली होती. दादा कचेरीत न जाता दारात उभे होते. त्यांनी हात वर केला. मी त्या हाताकडे बघितलं आणि बोलत राहिले. सगळं सांगितलं, तो घरी येऊन खोटं बोलला तेही. त्यांचा हात कधी खाली आला ते मला कळलं नाही. ते रेडिओजवळ जाऊन बसले, पण तो लावला नाही. आई म्हणाली, "जेवून घे. वालाचं बिरडं केलंय."

तिसऱ्या दिवशी चांगूबाय घरी आली. मला वाटलं आशीर्वाद द्यायला आली. ती पडवीच्या पायरीवरच थांबली.

"माजा फोटू रस्त्यावं लावलास. मना इचारलास?"

मी म्हटलं, "तुमच्यासाठीच केलं. तुमचं नाव..."

"माज्यासाटी नाय. तुज्या रागासाटी." ती शांत होती. "मी मागं बसली ती माज्या मर्जीनं. मना दात नाय, त्या पोरीला गला नाय. दोगी मिलून एक बाय व्हत व्हती. आता गावात सांगतान, चांगू चोरून गायची. मी चोर हाय?"

 आईने तिला आत बोलावलं, चहा दिला. चहा पिऊन झाल्यावर ती उठली आणि म्हणाली, "नाव लिवलास त्याचा राग नाय. पन आता एक चांगला फोटू काड. मी सांगन तवा, मी सांगन तसा." महिन्याने मी काढला. नवं लुगडं, अंगावर सगळे दागिने, तोंड घट्ट मिटलेलं. फोटो म्हणून सामान्य आहे. तिच्या घरात तो ती असेपर्यंत होता. पुढे लोक तिला तिच्या नावाने बोलावू लागले, दुसऱ्या एकाने तिची कॅसेट काढली, वर तिचं नाव होतं. मी केलं ते बरोबर होतं की नाही यावर आमचं पुन्हा बोलणं झालं नाही.

शोकेसमधल्या फोटोची दुसरी प्रत मी काढून ठेवलेली होतीच. ती पाकिटात घालून एसटीने मुंबईला गेले आणि एका वर्तमानपत्राच्या कचेरीत रविवारच्या पुरवणीच्या संपादकापुढे ठेवली. त्याने बराच वेळ बघितली आणि एवढंच विचारलं, "आणखी काय आहे तुमच्याकडे?" फोटो छापून आला, खाली माझं नाव. मग एका तबलजींनी बोलावलं, मग एका गायिकेने, मग कॅसेट कंपन्यांनी. लोकांना मी गाण्याच्या समेआधीचा क्षण कसा पकडते याचं कौतुक वाटतं. मी अजून फक्त तोंडं बघते.

अरविंदशेठचा कॅसेटचा धंदा बसला, स्टुडिओ रखडत चालला. मी पनवेल सोडलं नाही, मुद्दाम. बाजारात तो दिसला की मी लांबून मोठ्याने म्हणायची, "नमस्कार अरविंदशेठ!" आणि तो रस्ता ओलांडून जायचा. मला ते पुरायचं, आठवडाभर पुरायचं. तो गेला तेव्हा त्याच्या मुलाचा फोन आला. बाबांनी जगाचे फोटो काढले, पण त्यांचा एकही धड फोटो घरात नाही, हार घालायला काही नाही, तुमच्याकडे जुना असेल का? होता. कामाला लागले त्या पहिल्या वर्षी मी काढलेला, गल्ल्यावर हसत बसलेला, फार सुंदर. अजून आहे. मी म्हटलं, नाही. हे वाचून कुणाला मी दुष्ट वाटले तर वाटू दे.

शर्मिलाचं मात्र सांगायला हवं. त्या फोटोनंतर तिचं ठरलेलं लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला, खोटं गाणारी मुलगी नको. ती आईवडिलांबरोबर पनवेल सोडून गेली हे मला उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा मी पुढच्या कामात होते. सात-आठ वर्षांनी मी एका कोळी बँडच्या कॅसेटचे फोटो काढायला मोऱ्याच्या धक्क्यावर गेले होते. मुंबईच्या लाँचची वाट बघत एक बाई उभी होती, काखेत मूल, हातात पिशवी. गालाच्या खळीवरून ओळखलं. तिने मला आधीच ओळखलं होतं.

"तुझं वैर शेठशी होतं ना?" ती म्हणाली. "मग मी त्यात कुठे होते गं?"

मी म्हटलं, "शर्मिला, मी खरंच..."

"माफी मागू नकोस. मला नकोय ती." तिच्या आवाजात राग नव्हता, तो जुना होऊन बसला होता. "मला तेव्हा विसावं होतं. उभी राहा म्हणाले, उभी राहिले. तू माझ्याच वयाची होतीस, तुला कळायला हवं होतं. तुझं नाव झालंय, पेपरात बघते मी. आता जन्मभर त्या फोटोवर जेवशील. जेव. पण दर घासाला मी आठवले पाहिजे तुला."

लाँच धक्क्याला लागली. तिने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं, पाण्यावर हलणाऱ्या फळीवरून तोल सांभाळत चढली आणि आतल्या बाजूला, माझ्याकडे पाठ करून बसली. लाँच वळून दिसेनाशी होईपर्यंत मी उभी होते. मग बँडवाल्यांनी हाक मारली, ऊन उतरत होतं, मी गेले. त्या दिवशीचे फोटो चांगले आले. घरी येऊन पानावर बसले तेव्हा पहिल्याच घासाला ती आठवली, आणि त्याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली.